पोटापाण्याचा नाच
(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज रात्री इथे नाचा होणार हे कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारले, रिकाम्या जागा भरत नाहीत, कंत्राटी भरती वाढते आहे, मग युनियनच्या मेळाव्यात नाचगाणे कशाला? प्रश्न रास्त आहे.

छत्तीसगढचा नाचा म्हणजे आपल्या तमाशाचा चुलत भाऊ समजा. आपला सोंगाड्या तो इथला जोक्कड. आपला नाच्या ती इथली परी, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुषच. लिहिलेले नाटक नाही. रात्री सुरू होतो तो उजाडेपर्यंत. करणारे बहुतेक गरीब शेतकरी नि शेतमजूर. दिवसा ज्याच्या बांधावर मान खाली घालायची, त्या सावकाराची नि पटवाऱ्याची रात्री चार गावांसमोर टिंगल करायची. सकाळी पुन्हा त्याच्याच दारात कामाला. याला कोणी पळवाट म्हणतात. म्हणू द्या! डबल ड्यूटी करून आलेल्या ट्रॅकमनला विचारा, माणसाला अशी वाट लागते की नाही.

आणि नुसती पळवाटच नव्हे. दिवाळीच्या सुमारास इथल्या बायका टोपलीत धान भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर घरोघर सुवा नाचतात. घरधनीण तांदूळ, पैसे घालते. मजुराच्या चुलीला त्या मूठमूठ तांदळाची किंमत कळते.

आता नाचणाऱ्याचे काय झाले ते पाहा. रवेलीचे दाऊ मंदराजी मालगुजाराच्या घरातले. नाचा मंडळी उभी करता करता जमीन गेली, १९८४ साली गरिबीत वारले. याच रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी नाचाचे कलावंत 'नया थिएटर'मध्ये घेतले. त्यांच्या 'चरणदास चोर'ला १९८२ साली एडिंबरोला बक्षीस मिळाले. त्यातले गोविंदराम निर्मलकर. त्यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. म्हातारपण मात्र आजारपणात आणि तुटपुंज्या मानधनावर गेले. २०१४ साली ते वारले. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेल्या आपल्या तरुण साथींना यातली कळ वेगळी सांगायला नको.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या मालगाड्या धावल्या, टपालही वाटले गेले, पगार चालू राहिले. त्याच वेळी तिकडे तमाशाचे फड बसले, इकडे नाचाच्या सुपाऱ्या गेल्या. रात्रभर घाम गाळणारा हा माणूस कामगार, पण हजेरीपट नाही, फंड नाही, पेन्शन नाही. कलावंतांच्या पेन्शनचा ठराव आपल्या अधिवेशनात यावा, अशी माझी सूचना आहे. आपल्याच मागण्या थोड्या आहेत का, असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी आपल्या संपांत ढोलकी वाजवली, त्यांच्यासाठी एक कागद लिहायला काय हरकत आहे?

मंडळी आली आहेत, तोंडाला रंग लावताहेत. मुलांना पुढे बसवा. मध्यंतरात डबा फिरेल. त्यातली पै न् पै कलावंतांची. त्यांच्या जेवणाचा खर्च युनियनने वेगळा केला आहे.