कचऱ्यावरचा कर आणि शाळेचा पैसा

अमेरिकेतल्या युटा राज्यात नोव्हेंबर २००२ च्या निवडणुकीत मतदारांपुढे उमेदवारांच्या नावांबरोबर एक कायदाही मताला आला होता. किरणोत्सर्गी कचरा पुरण्यावर जबर कर बसवायचा, अधिक तीव्र कचऱ्याला राज्यात मज्जाव करायचा आणि कराचे पैसे शाळांना आणि गोरगरिबांच्या योजनांना द्यायचे, असा तो प्रस्ताव. नागरिकांनी सह्या गोळा करून एखादा कायदा थेट लोकांच्या मताला लावण्याची सोय त्या राज्यात आहे. आपल्या देशात ती नाही. पण तिथेही हे सोपे नव्हते. २९ पैकी २० कौंट्यांमधून, म्हणजे जिल्ह्यांमधून, ठरावीक प्रमाणात सह्या मिळाल्याच पाहिजेत, अशी अट होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे प्रस्ताव मतपत्रिकेवर आला.

हा कचरा पुरतात ती जागा म्हणजे क्लाइव्ह, सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर, वाळवंटात. शहरालगतच्या जुन्या युरेनियम गिरणीचा गाळ सरकारने १९८० च्या दशकात तिथे नेऊन टाकला, आणि त्याच्या शेजारीच एन्व्हायरोकेअर या खासगी कंपनीने आपला धंदा उभा केला. प्रत्येक राज्याने आपल्या कमी तीव्रतेच्या अणुकचऱ्याची सोय स्वतः लावावी, असा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने १९८० मध्ये केला होता. पण आपल्या दारात तो कोणालाच नको होता. पाहता पाहता देशातला असला बहुतेक कचरा, घनफळाच्या हिशेबाने, एकट्या युटाकडे जाऊ लागला.

युटाच्या लोकांना या गोष्टीची धास्ती का वाटावी, हेही सांगतो. १९५१ ते १९६२ या काळात शेजारच्या नेवाडात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, आणि त्यांची धूळ दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जसारख्या गावांवर पडली. घाबरण्याचे कारण नाही, असे सरकार तेव्हा सांगत होते. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये. इतक्या वर्षांत कितीतरी घरांत कर्करोगाने माणसे गेली होती. ज्यांनी हे सोसले, त्यांच्यापुढे ‘सुरक्षित’ हा शब्द जपूनच उच्चारायला हवा.

तरीही प्रस्ताव पडला. सुमारे दोन तृतीयांश मते विरोधात गेली. कंपनीने विरोधी प्रचारावर मोठा पैसा ओतला, हे खरे. पण मला वाटते, प्रस्तावातच एक दोष होता. कचरा घ्यायचा की नाही, हा एक प्रश्न. शाळा कशा चालवायच्या, हा दुसरा. दोन्ही एकाच मताला बांधले गेले. शिक्षकांची संघटना प्रस्तावाच्या बाजूने उभी राहिली, आणि हा खटाटोप फक्त पैशासाठी चालला आहे, असे म्हणायला विरोधकांना जागा मिळाली.

त्याहून मोठी काळजी निराळी आहे. वर्गखोल्या आणि पगार कचऱ्याच्या करावर चालू लागले, की कचरा कमी झालेला कोणाला आवडेल? दक्षिण कॅरोलिनाने १९९५ मध्ये बार्नवेलच्या कचरा पुरण्याच्या जागेवर असाच कर बसवून पैसा शिक्षणाकडे वळवला. त्या जागेचे दार बंद करायचे म्हटले, की त्या पैशातून होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मदतीचा प्रश्न आलाच.

मग कर नकोच का? हवा, आणि जबर हवा. पण तो पुरलेल्या कचऱ्याच्या राखणीसाठी. अमेरिकी नियमांप्रमाणे अ वर्गाचा, म्हणजे सर्वांत कमी तीव्र, कचरा साधारण १०० वर्षांत निरुपद्रवी व्हावा. अधिक तीव्र अशा क वर्गासाठी मात्र ५०० वर्षे टिकेल असा अडथळा लागतो. एवढा काळ राखण कोण करणार? एन्व्हायरोकेअर २००५ मध्ये विकली गेली आणि २००६ मध्ये तिचे नाव एनर्जीसोल्यूशन्स झाले. २० वर्षेसुद्धा एक नाव टिकले नाही! कंपन्या येतील, जातील. जमिनीतला माल तिथेच राहणार. म्हणून तो पैसा सरकारच्या हाती, कोणालाही हात लावता येणार नाही अशा निधीत, पहिल्या दिवसापासून साठत गेला पाहिजे.

मतदारांनी नाकारलेला अर्धा भाग पुढे वेगळ्या वाटेने आला. ब आणि क वर्गाच्या, म्हणजे अधिक तीव्र, कचऱ्यावर युटाच्या विधिमंडळाने २००५ मध्ये बंदी घातली. शाळांचा त्यात उल्लेख नव्हता.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही. युरेनियम समृद्ध करून झाल्यावर जे उरते, ते क्षीण युरेनियम नियमांच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गातच बसते. पण त्याचे अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षांचे, आणि काळ जाईल तसा त्याचा किरणोत्सर्ग वाढतच जातो. शंभर वर्षांची कल्पना इथे पार कोलमडते. ते क्लाइव्हला पुरण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा २०१० मध्ये युटाने अट घातली: मोठ्या प्रमाणावर पुरायचे असेल, तर आधी त्या जागेचा हजारो वर्षांपुढचा शास्त्रीय हिशेब मांडा. परवानगीचे नंतर बघू.