माजुलीत आठवलेला वर्गमित्र
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवेदकांनी माझी ओळख 'प्रवासाची आवड असणारे' अशी करून दिली. खरं म्हणजे निवृत्तीनंतरचा हा पहिलाच मोठा प्रवास. मार्चअखेर आम्ही दोघं आसामला जाऊन आलो, त्यावर बोला असं समितीने सांगितलं. दहा मिनिटं दिली आहेत. पुढे जेवण आहे, हे मी विसरलेलो नाही.

बाई, नववीत तुम्ही ब्रह्मपुत्रेच्या पुराचे परिणाम विचारले होते. मी पाच तोटे लिहिले आणि पाचांपैकी पाच घेतले. त्यातले निदान दोन आज परत करतो. काझीरंगात आमची जीप चालवणारा मुलगा म्हणाला, "पूर आला नाही तर हे जंगलच राहणार नाही." पुराच्या पाण्याबरोबर गाळ येतो, त्यावर गवत माजतं, बिलं, म्हणजे तिथली तळी, जलपर्णी वाहून जाऊन स्वच्छ होतात, त्यांत मासे येतात. गेंडा जगतो तो त्या गवतावर. जनावरंही बुडतातच, पण बरीचशी रस्ता ओलांडून दक्षिणेकडच्या कार्बी टेकड्यांवर चढतात. पाणी उतरलं की परत येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोजकेच गेंडे उरले होते. 2022च्या मोजणीत 2,613 भरले. आम्हाला त्यातले अकरा दिसले. सौभाग्यवतींच्या मते बारा.

जोरहाटजवळ चहाचा मळा पाहिला. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे लावतात, 'बागान टाइम' म्हणतात त्याला. सूर्य लवकर उगवतो, म्हणून कामही लवकर. बाया पाठीवर टोपली घेऊन दोन पानं आणि एक कळी खुडत होत्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मी फोटो काढायचा सोडून पाहतच राहिलो. त्यांच्यातल्या बहुतेकींचे पूर्वज इंग्रजांच्या काळात छोटा नागपूर, ओडिशा अशा भागांतून मजूर म्हणून आणलेले. गाव सुटलेली माणसं. तेव्हा हे नुसतं ऐकून घेतलं.

मग निमाती घाटावरून फेरीबोटीने माजुलीला गेलो. ब्रह्मपुत्रेतलं हे बेट, 2016पासून स्वतंत्र जिल्हा. बोटीत माणसं, मोटारसायकली, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं एकत्र. शंकरदेवांच्या परंपरेतली सत्रं, म्हणजे वैष्णव मठ, तिथे आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या या संताने नामस्मरणाची वाट दाखवली. नामघरात सिंहासनावर मूर्ती नाही, ग्रंथ ठेवतात. आमच्या घरात वारी आहे, त्यामुळे तिथलं टाळ-खोळाच्या साथीचं नामगायन परकं वाटलंच नाही. सामागुरी सत्रात बांबूच्या सांगाड्यावर कापड, माती, शेण लावून मुखवटे करतात. रावणाचा मुखवटा आमच्या बैठकीच्या खोलीत मावला नसता.

पण सांगायचं आहे ते याच्या पुढचं. आम्ही उतरलो होतो ते घर मिसिंग लोकांचं, खांबांवर उभारलेलं चांगघर. यजमान साठीचे. संध्याकाळी आम्हाला काठावर घेऊन गेले. मी आपलं विचारलं, "तुमची शाळा कुठे होती?" त्यांनी हात केला तो सरळ नदीकडे. पाणीच पाणी. दूर एक होडी. "तिथे. होडीच्या थोडं अलीकडे." शतकभरात माजुलीची निम्म्याहून जास्त जमीन नदीने कापून नेली आहे. काही सत्रांनाही जागा सोडावी लागली. यजमानांचं घर तिसऱ्या जागेवरचं. त्यांच्या वर्गातली मुलं कुठे पांगली, याचा त्यांना पत्ता नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला आपला एक वर्गमित्र आठवला. आपण आठवीत असताना उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावातून तो आपल्या वर्गात आला. आपण त्याला काय हाक मारायचो, आठवतं? 'बुडीत'. ती सुरू कोणी केली, हेही काहींना आठवत असेल. मीच. हजेरीच्या वेळी सर 'हजर?' म्हणायचे आणि मी मागून पुटपुटायचो, 'नाही सर, बुडीत.' वर्ग हसायचा. तोही हसायचा, म्हणून मला वाटायचं की त्याला चालतं.

त्याचं घर, त्याची शाळा, गावचं देऊळ, सगळं नुकतंच गेलं होतं, आणि मी त्यावर कोटी करत होतो. हे कळायला मला पंचेचाळीसएक वर्षं आणि ब्रह्मपुत्रेचा काठ लागला. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वारा आहे फार.

तो इथे आला आहे. तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि आताही हसतोय. नाव घेत नाही. तुझी क्षमा मागतो, सगळ्यांच्या देखत, कारण चेष्टाही सगळ्यांच्या देखतच केली होती. तुझ्यासाठी जोरहाटहून चहा आणला आहे, पिशवी खुर्चीखाली आहे.

माजुलीची शाळा परत दिसायची नाही, तिथली जमीनच गेली. उजनीचं पाणी मात्र कडक उन्हाळ्यात उतरतं, जुने चौथरे उघडे पडतात. या मे महिन्यात पाणी उतरलं, तर मला तुझ्या गावी ने. तुझी शाळा कुठे होती ते मला दाखव.