दवाखान्याची पायरी



भाषणाची मला सवय नाही. सातवीपर्यंत शिकलेली मी; घरात ऐकलेलेच सांगते.

माझी पणजी परळला गिरणीत कामाला होती. 1926 साली तिथे म्युनिसिपालिटीचे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. त्याच साली वाडिया प्रसूतिगृहही उघडले, तेही गिरणकामगार बायकांसाठी. तरी पणजीची पुढची दोन बाळंतपणे चाळीतल्या खोलीतच, सुईणीच्या हातून झाली. त्यातले एक मूल गेले. पुढे आजी तिला विचारी, "दवाखाना हाकेवर होता, मग का गेली नाहीस?" पणजी म्हणे, "खाडा पडला की रोज बुडायचा. पोराला कोण बघणार? शिवाय त्या पायरीची भीती वाटे."

1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात बाळंतपणाच्या कायद्याची बाजू मांडली. 1929 साली तो मुंबई इलाख्यात झाला. बाळंतपणाच्या आधीचे व नंतरचे काही आठवडे कामगार बाईला रोजचे 8 आणे मिळू लागले. पुढच्या खेपेस शेजारच्या काकूंनी पोर सांभाळले आणि पणजी दवाखान्यात गेली. ती मुलगी म्हणजे माझी आजी.

भगिनींनो, नुसती इमारत उभी राहून भागत नाही. गाठीला पैसा हवा, सोबतीला माणूस हवे. कायदा आपल्या हातात नाही, सोबत आहे. आपल्या आळीत कोणी अवघडलेली असेल तर तिला विचारा, "बरोबर कोण येणार? पोरे कोणाकडे?" कोणी नसेल, तर आपण जाऊ.