हाताचा गुण आणि हाताची विद्या



कोकणातल्या घरात बाळंतपण झाले की पहिला निरोप जाई तो अंगाला लावणाऱ्या बाईकडे. पहाटे ती यायची, चुलीवर पाण्याचा हंडा चढवायची, वाटीत तेल कोमट करायची. बाळाच्या टाळूवर किती तेल जिरवायचे, बाळंतिणीच्या कमरेला कसा हात द्यायचा, शेक किती वेळ ठेवायचा, धुरी कधी थांबवायची, हे सारे तिला ठाऊक असे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे ते आले होते. ‘तिच्या हाताला गुण आहे’ असे लोक म्हणत. सव्वा महिना झाला की लुगडे, खण, नारळ देऊन तिची पाठवणी होई. मानही बहुधा तेवढ्याच दिवसांचा असे. एरवी त्याच घरी ती आली, तर ओटीवरच बसे.

आज मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर हेच काम काचेच्या दारामागे चालते. दारावर ‘स्पा’ अशी पाटी असते, आत मंद दिवे आणि सुवासिक तेले असतात, आणि तासाभराच्या मर्दनाला हजारांत पैसे मोजले जातात. तेथे काम करणाऱ्या मुली पुष्कळदा मिझोराम, नागालँड, मणिपूर किंवा केरळमधून आलेल्या असतात. घरदार सोडून, दूरवर येऊन, परक्या भाषेत त्या आपला व्यवसाय निष्ठेने करतात. त्यांच्याविषयी मनात आदरच असायला हवा. प्रश्न आपल्या मुलींचा आहे. नागाव-रेवदंड्याची मुलगी त्याच रिसॉर्टमध्ये चादरी बदलते, भांडी विसळते. आणि जी विद्या तिच्या आजीच्या हातात होती, त्या विद्येच्या खोलीबाहेर ती उभी असते.

असे का झाले? एक कारण प्रशिक्षणाचा अभाव हे आहे. दुसरे कारण आपल्याच मनात आहे. आधी पहिल्याचा विचार करू.

ब्युटी पार्लरचे शिक्षण म्हणजे भुवया कोरणे, केस कापणे आणि नवरी सजवणे, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. ही कामे महिन्या-दोन महिन्यांत हाताला बसतात, हेही खरे. पण प्रशिक्षण आणि सवय यांत मोठे अंतर आहे. काम कसे करावे हे सवयीने कळते. कोणत्या वेळी, कोणाला, काय करू नये हे कळण्यासाठी शिक्षणच लागते.

आपल्या आयुर्वेदाला हे पूर्वीच उमगले होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग करावा असे सांगितले आहे. थकवा, वात आणि वार्धक्य यांवर त्याचा उपयोग वर्णिला आहे. पण तेथेच लगोलग निषेधही आहे. कफाने ग्रासलेल्याला, अजीर्ण झालेल्याला आणि नुकतीच शोधनचिकित्सा झालेल्याला अभ्यंग वर्ज्य. आजच्या स्पा थेरपीच्या अभ्यासक्रमातही हाच क्रम असतो. ग्राहकाला आडवे करण्यापूर्वी विचारायचे : ताप आहे का, गरोदर आहात का, रक्तदाब आहे का, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का? पोटरी एका बाजूने सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर तिला चोळायचे नाही, डॉक्टरांकडे पाठवायचे. कारण चोळल्याने गाठ सुटून फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते. अशा वेळी पैसे घेऊन आलेल्या बाईला ‘आज नको’ म्हणण्याचे धैर्य केवळ हाताच्या गुणाने येत नाही.

केस धुण्यासारखी साधी गोष्ट घ्या. बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून फार वेळ ठेवली, तर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतील रोहिणीला इजा होऊ शकते. अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत १९९३ सालीच झाली असून ‘ब्युटी पार्लर स्ट्रोक’ या नावाने ते ओळखले जाते. हा प्रकार विरळा खरा. पण मानेखाली टॉवेलची घडी ठेवायला काय खर्च येतो? केसांच्या काळ्या रंगात बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन नावाचे रसायन असते. काहींना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते की डोळे सुजून मिटतात. त्यासाठी दोन दिवस आधी कानामागे थेंबभर रंग लावून पाहायचा असतो. किती ठिकाणी हे पाहिले जाते? आणि ती निळ्या दिव्याची पेटी! पुष्कळ पार्लरमध्ये कात्र्या, चिमटे त्या पेटीत टाकले की ते निर्जंतुक झाले, असे मानले जाते. त्या दिव्याचा प्रकाश जेथे पोहोचतो, तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. चिमट्याच्या सांध्यात अडकलेल्या मळाला तो काहीच करत नाही. अवजारे आधी घासून, धुऊन मग जंतुनाशकात ठेवायची किंवा वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची असतात. काविळीचा बी विषाणू वाळलेल्या रक्तातही कित्येक दिवस तग धरतो, हे ज्या मुलीला शिकवले आहे, ती एकाच पात्याने दोघींवर काम करणार नाही.

यातला धोका किती खरा आहे, हे महाराष्ट्राने २०२३ च्या प्रारंभी पाहिले. अकोल्यातील एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कारण शोधले गेले, तेव्हा संशयाची सुई वळली ती त्या तिघी लावत असलेल्या, रंग उजळवणाऱ्या क्रीमकडे. तपासणीत तिच्यात पाऱ्याचे प्रमाण भरमसाट आढळले. कायद्यानुसार अशा प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. पारा त्वचेला रंग देणारे द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो; आणि तो त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडात साठतो. हीच गोष्ट स्टेरॉइडयुक्त मलमांची. २०१८ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी लेबल नसलेल्या डब्या हातोहात फिरतातच. डबीवर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल, तर ती ग्राहकाच्या चेहऱ्याला लावायची नाही, हा प्रशिक्षणाचा पहिला पाठ असायला हवा.

जाता जाता गोरेपणाविषयीही बोलायला हवे. ज्या समाजाचे दैवत सावळे आहे, ज्याच्या सावळेपणाचे आपण सात शतके कौतुक गात आलो, त्याच समाजात उन्हात बोंबील वाळत घालणाऱ्या आईची मुलगी लग्न ठरले की रंग उजळवण्यासाठी पार्लरमध्ये येते. नामांकित कंपनीनेही जुलै २०२० मध्ये आपल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले. नाव बदलले, मन बदलायला वेळ लागेल. पण त्वचेचा रंग हा आजार नाही, त्वचा स्वच्छ आणि निरोगी असणे महत्त्वाचे, हे त्या मुलीला आरशासमोर बसवून पटवून देऊ शकेल ती शिकलेली सौंदर्यतज्ज्ञाच. आईचे ती ऐकणार नाही.

आता हे शिक्षण मिळते कोठे? ‘मुंबईला जावे लागेल, दोन लाख भरावे लागतील’ अशी अनेक पालकांची समजूत असते. तसे नाही. अलिबागमध्ये जन शिक्षण संस्थान रायगड आहे. या योजनेचे मूळ १९६७ मध्ये मुंबईत वरळीला सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठात आहे. गिरणी कामगार आणि त्यांच्या कुटुंबांना कौशल्य शिकवावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे २००० साली तिला जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि २०१८ पासून ती केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुली आणि स्त्रिया हा तिचा मुख्य वर्ग. त्यामुळे दहावी नापास झालेल्या मुलीला येथे संकोच वाटण्याचे कारण नाही. दुसरी वाट ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँक ती चालवते. रायगडमध्ये ही जबाबदारी बँक ऑफ इंडियाची आहे. धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेच्या नमुन्यावर ही योजना देशभर नेण्यात आली. सुमारे महिनाभराचा पार्लर व्यवस्थापनाचा वर्ग येथे विनामूल्य होतो. त्यात हिशेब, ग्राहकाशी बोलणे आणि कर्जाचा प्रस्ताव हेही शिकवतात, आणि पुढे दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. हा पाठपुरावाच मोलाचा. कारण बहुतेक दुकाने पहिल्या वर्षातच डगमगतात.

अधिक सखोल शिकायचे असेल, तर आयटीआयमधील कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावी उत्तीर्ण मुलीला तो घेता येतो. कोणत्या आयटीआयमध्ये जागा आहेत, हे प्रवेशाच्या वेळी पाहून घ्यावे. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत सहायक ब्युटी थेरपिस्ट, त्यानंतर ब्युटी थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट अशा स्वतंत्र भूमिकाही आखलेल्या आहेत. खासगी अकादम्यांत चांगल्या आहेत, तशाच केवळ ‘आंतरराष्ट्रीय’ शब्दावर पैसे उकळणाऱ्याही आहेत. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे : प्रमाणपत्र कोण देते, परीक्षा कोण घेते, आणि प्रत्यक्ष माणसावर हात चालवण्याचे तास किती? भिंतीवरच्या झगमगत्या छायाचित्रांनी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दुसरे कारण मनातले. ‘स्पा’ शब्द ऐकला की घरातील वडीलधारी माणसे गप्प होतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. त्या पाटीआड नको ते धंदे चालल्याच्या आणि पोलिसांनी छापे घातल्याच्या बातम्या सर्वांनीच वाचल्या आहेत. म्हणून मुलीला कामाला पाठवताना पाहावे : तिचे ग्राहक स्त्रियाच असतील का, नेमणुकीचे पत्र मिळते का, वेतन बँकेत जमा होते का, रात्रीची परतण्याची सोय कोणाची? या प्रश्नांना ज्या मालकाकडे सरळ उत्तर नाही, तेथे जाऊ नये. पण चार ठिकाणी वाईट चालते म्हणून अवघी विद्याच त्याज्य ठरवायची, हे मात्र पटण्यासारखे नाही.

याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी परिचारिकेच्या कामाविषयी असेच बोलले जात होते. परक्या माणसाच्या देहाला स्पर्श, जखमा धुणे, रात्रीची पाळी. कुलीन घरातील स्त्रीने हे करायचे? रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे केले. त्यांनी विधवा भगिनींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीकाच अधिक आली. आज कोणाच्या घरी मुलगी नर्स झाली तर पेढे वाटले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांचे उदाहरण तर खेड्यातले. पतीच्या निधनानंतर लहान मुली पदरात असताना त्यांनी १९८०च्या दशकात हातात वस्तरा घेतला आणि गावोगाव पुरुषांच्या दाढ्या केल्या. लोक हसले, बोलले; त्यांनी मुली वाढवल्या, त्यांची लग्ने केली. नाभिक समाजाच्या या पिढीजात कौशल्याला १७ सप्टेंबर २०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत स्थान मिळाले. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. किनाऱ्यावरील नाभिक कुटुंबांतल्या लेकी-सुनांनी याची चौकशी जरूर करावी.

व्यवसायाचे गणित मात्र किनाऱ्याच्या ऋतूंप्रमाणेच मांडायला हवे. शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर विसंबून राहणे धोक्याचे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट हवामान साथ देईल तेव्हाच चालते. टाळेबंदीत सगळीच दुकाने बंद पडली. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या. जून अखेरीस पार्लर उघडायला परवानगी मिळाली, तीही प्रथम केस आणि वॅक्सिंग-थ्रेडिंगपुरतीच. त्वचेच्या सेवांना नव्हती. बागेला पुन्हा फळ धरायला वर्षे लागतात. घरातल्या एका खोलीतले पार्लर त्या मानाने लवकर उभे राहते.

म्हणून खरे ग्राहक गावातच शोधावे लागतील. आगरी-कोळी घरांत हळदीचा सोहळा लग्नाइतकाच थाटाचा, आणि दमट हवेत रात्रभर टिकणारी रंगभूषा हे स्वतंत्र कौशल्य आहे. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात दिवसभर हात घालणाऱ्या मासळीवाल्या बाईच्या तळव्यांना आणि टाचांच्या भेगांना आजवर कोणी विचारले नाही. तिच्यासाठी परवडेल असा दर ठेवला, तर ती दर पंधरवड्याला येईल आणि दहा जणींना सांगेल.

दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील, तर २०१७च्या दुकाने कायद्यानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. खुर्ची, आरसा, पाण्याची सोय, झाकणाची कचरापेटी आणि धुतलेल्या टॉवेलांच्या दोन थप्प्या, एवढ्यावर आरंभ होतो. पावसाळ्याचे चार महिने शिकण्यात घालवावेत, नवरात्रात शेजारणींवर हात बसवावा आणि दिवाळीच्या अभ्यंगाआधी दार उघडावे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते.