समुद्राला लोहाचं खत

आपलं नांदगाव कुठं आणि समुद्र कुठं, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या कपाशी-तुरीवर पडणारा पाऊस समुद्रावरूनच येतो. म्हणून आज आम्ही समुद्राची एक हकिकत सांगणार आहोत.

दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जळले की त्यातून कर्बवायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. गोधडीने ऊब धरावी तशी तो उष्णता धरतो. त्यामुळे हवा तापते, पावसाचे तंत्र बिघडते. कारखाने नव्हते तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता. आज तो 420 भागांहून अधिक आहे.

तो परत कसा काढावा? झाडे हा वायू शोषतात. समुद्रातही झाडे आहेत, पण इतकी बारीक की दिसत नाहीत. शेवाळाचीच जात म्हणा. ती मरून खोल तळाशी गेली, तर शोषलेला कर्बही तिथेच पुष्कळ वर्षे राहतो. पण दक्षिणेच्या थंड समुद्रात लोह कमी, म्हणून ही रोपे खुरटतात. संत्र्याला लोह कमी पडले की पाने पिवळी पडतात. मग आपण हिराकस फवारतो. तसेच हे.

गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी 2009 साली मिळून प्रयोग केला. त्याचे नाव ‘लोहाफेक्स’. त्यातला ‘लोहा’ म्हणजे आपले लोखंडच!

पण समुद्र एकट्याचा नाही. गावच्या विहिरीत कोणी औषध टाकू लागला, तर गाव विचारणारच. तसेच झाले. लोकांनी हरकत घेतली. जर्मन सरकारने प्रयोग थांबवला, जाणत्यांकडून तपासून घेतला, मगच परवानगी दिली.

सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात हिराकस सोडत जहाज फिरले. दोन खेपा मिळून सुमारे 20 टन. रोपे तरारली. पण उभ्या पिकात गुरे शिरावी तसे झाले. कोळंबीच्या जातीच्या बारीक जीवांनी ती फस्त केली. खाल्लेला कर्ब त्यांच्या श्वासाबरोबर पुन्हा पाण्यात आला. कठीण कवचाची रोपे अशी सहज खाल्ली जात नाहीत. पण कवचाला लागणारे, वाळूत असते ते द्रव्य तिथे कमी होते. नुसत्या लोहाने भागले नाही. तळाशी फारच थोडा कर्ब गेला.

मग श्रम वाया गेले का? आम्ही म्हणतो, नाही. पीक हिरवे दिसले म्हणून त्यांनी हुरळून जाऊन सांगितले नाही. खळ्यावर माप किती पडले ते पाहिले, आणि कमी पडले ते कमीच सांगितले.

समुद्रावर असे आणखी उपाय शोधले जात आहेत. ते शोधावेतच. पण उद्या कोणी म्हणेल, “खुशाल जाळा, समुद्र सारा वायू गिळेल.” तेव्हा विचारा, “खळ्यावर माप किती?” पावसावर ज्याचे पोट, त्याला हे विचारायचा हक्क आहे. धूर कमी करणे हे पहिले काम. समुद्राची मदत त्यानंतर.