एचआयव्ही असला तरी किडनी बदलता येते

"तिला एचआयव्ही आहे, तिची किडनी कोण बदलणार?" असं गावात कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका.

पूर्वी डॉक्टरही नाही म्हणायचे. नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात, त्याची भीती होती. आता एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्या की विषाणू दबून राहतो. सीडी-४ चांगला आणि व्हायरल लोड न सापडण्याइतका कमी असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला २००८ पासून अशी ऑपरेशनं झाली. तिथल्या २७ रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण ७४ टक्के निघालं.

आपल्याकडे २०१७ चा कायदा सांगतो: एचआयव्ही आहे म्हणून उपचारात भेदभाव करायचा नाही, संमतीशिवाय कुणाचं नाव फोडायचं नाही. मग गटाच्या बैठकीतही कुणाच्या आजाराची चर्चा नको.

एआरटी केंद्रात गेलात की विचारा, "माझं क्रिएटिनिन तपासलं का?" काही गोळ्यांचा किडनीवर ताण येतो. पण मनानं गोळ्या बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. शंका असेल तर १०९७ वर फुकट फोन लावा. आणि तिला हवं असेल, तर दवाखान्यात एक जण सोबत जा.