भाडेकरू, मोडतोड आणि अनामत

भाडेकरूनें घर सोडलें, किल्ली परत दिली, आणि मालकानें दार उघडून पाहिलें तों न्हाणीघरांतील बेसिन तडकलेलें, ओट्याच्या कडप्प्याचा कोपरा उडालेला, भिंतींना ठिकठिकाणीं खिळ्यांचीं भोकें! ज्यांचें एखादें घर भाड्यानें दिलेलें आहे, अशा श्रोत्यांस हा प्रसंग अपरिचित नसेल. संतापाच्या भरांत सारी अनामत अडकवून ठेवण्याची बुद्धि होते. परंतु झीज निराळी आणि मोडतोड निराळी, हा विवेक मालकानें आधीं करावयास हवा. ३ वर्षांत रंग फिका पडतो, नळाचा वायसर झिजतो, कडी सैल होते. भाडें घेतलें तें या वापराचेंच. फुटलेल्या बेसिनची गोष्ट तशी नव्हे.

कायद्यानेंहि हाच भेद मानला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांतील १०८ व्या कलमाप्रमाणें, निराळा करार वा स्थानिक वहिवाट नसल्यास, भाडेपट्ट्यानें घेतलेलें घर ताब्यांत आलें त्याच स्थितींत परत करावयाचें असतें. वाजवी झीज व अनिवार आपत्ति एवढेच अपवाद. मालकानें वाजवी वेळीं येऊन घर पाहावें व दोषाची सूचना द्यावी. तो दोष भाडेकरूच्या वा त्याच्या नोकरांच्या हातून घडला असल्यास ३ महिन्यांच्या आंत त्यानें तो दुरुस्त करून द्यावा. मात्र मुंबई-पुण्याकडे हल्लीं पुष्कळ घरें ११ महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सनें दिलीं जातात. तो पट्टा नव्हे. तेथें भिस्त करारांतील शब्दांवरच, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें तो करार लेखी व नोंदलेला हवा.

पण शब्द कितीहि नेमके असोत, घर दिलें त्या दिवशीं ओट्याचा कोपरा शाबूत होता याला पुरावा काय? बहुतेक मालक अडतात ते येथेंच. किल्ली देतांना दोघांनीं मिळून सर्व खोल्यांतून फिरावें, यादी करावी, छायाचित्रें काढावीं आणि सह्या कराव्या. ओलीचे जुने डागहि लिहावे. म्हणजे वरच्या मजल्यावरून झिरपलेल्या पाण्याचा भुर्दंड भाडेकरूवर घालण्याचा मोह होणार नाहीं. हा मोह सज्जनांनाहि होतो!

खर्च आकारतांनाहि तीच सचोटी हवी. १० वर्षांचें जुनें बेसिन फुटलें म्हणून नव्याची सगळी किंमत मागणें म्हणजे दुसऱ्याच्या पैशानें आपलें न्हाणीघर नवें करून घेणें होय. कारागिराचा लेखी अंदाज भाडेकरूस दाखवावा, पावती जोडून वाजवी तेवढीच रक्कम वजा करावी, बाकीची परत द्यावी. "मोडतोड झाल्यास सारी अनामत जप्त" असें लिहून घेतलें, तरी १८७२ च्या कराराच्या कायद्यांतील ७४ वें कलम वाजवी भरपाईच देववितें. नुकसान अनामतीहून अधिक असेल तर लेखी मागणी करावी. ती फुकट गेल्यास दावा आहेच. मात्र कडप्प्याच्या एका कोपऱ्यासाठीं कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीं वकिलाची फी विचारून घ्यावी.